घटनास्थळाचे फोटो मागताना: कागद आधी, फोटो शेवटी

तालुक्याच्या ठिकाणी मी माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देतो. येणाऱ्यांपैकी कुणाच्या घरचा माणूस विहिरीत गेलेला असतो, कुणाचा रानडुकरांसाठी धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, सोडलेल्या करंटच्या तारेला चिकटलेला असतो. घरचे म्हणतात, "भाऊ, ठाण्यातून सगळे कागद अन् सगळे फोटो काढून द्या." बरेच जण हेच वाक्य जसंच्या तसं अर्जात उतरवून आधीच ठाण्यात देऊन आलेले असतात. महिन्याभराने एका ओळीचं उत्तर येतं: माहिती देता येत नाही.

त्याच मृतदेहाचा फोटो मात्र पंचनामा संपायच्या आत गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरून गेलेला असतो. ज्याचा हक्क आहे त्याला मिळत नाही, आणि ज्याचा काडीचा संबंध नाही त्याच्या मोबाइलमध्ये तो पडून असतो. हे मला फार लागतं. म्हणून पुढचा क्रम नीट लिहून काढला आहे. तो मृताच्या नातेवाइकांसाठी आहे, तसाच तालुका वार्ताहर आणि गावासाठी धावपळ करणाऱ्या कार्यकर्त्यांसाठीही.

टप्पा १: फोटोतून काय दाखवायचं आहे ते ठरवा

अर्जाला हात लावण्याआधी कोऱ्या कागदावर एक वाक्य लिहा: "मला हे दाखवायचं आहे की…" हे वाक्य पूर्ण होत नसेल तर फोटो मागायची वेळ अजून आलेली नाही.

बहुतेक कामांना फोटो लागतच नाही. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेचे २ लाख असोत की आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबाची १ लाखाची मदत असो, तिथे पंचनामा, पीएम रिपोर्ट, मृत्यूचा दाखला, सातबारा असे कागद पाहतात. मृतदेहाचा फोटो जोडला म्हणून प्रकरण लवकर सुटत नाही. उलट तो फोटो चार टेबलांवरून फिरतो.

करंटच्या तारेचं प्रकरण थोडं वेगळं असतं. तार कुठून ओढली होती, ती कोणाच्या वावरातल्या खांबाला जोडली होती, पायवाटेपासून किती लांब होती, हे फोटोत दिसतं आणि त्यावर जबाबदारी ठरते. पण इथेही कामाचे आहेत ते तार, खांब आणि धुरा. चेहरा नव्हे. शिवाय विजेच्या अपघातात विद्युत निरीक्षकाची चौकशी होते, आणि त्याचा अहवाल फोटोपेक्षा जड ठरतो. तो त्यांच्या कार्यालयाकडे वेगळ्या अर्जाने मागा.

क्रम असा ठेवा: एफआयआर किंवा मर्गची (अकस्मात मृत्यूच्या नोंदीची) खबर, घटनास्थळ पंचनामा, कच्चा नकाशा, इन्क्वेस्ट (मृतदेहाचा) पंचनामा, पीएम रिपोर्ट. एवढं वाचून झाल्यावरही काही अडत असेल तरच फोटो.

*तपासा:* एफआयआरची प्रत फिर्यादीला आणि पीडिताला विनामूल्य मिळते (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, कलम १७३). तिच्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आणि तीस दिवस घालवू नका.

टप्पा २: फाइल आज कोणाकडे आहे ते विचारा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. फाइल जिथे आहे तिथेच मागायची असते. ठाण्यात जाऊन बिट जमादाराला तीनच प्रश्न विचारा: मर्ग क्रमांक किंवा गुन्हा क्रमांक काय? तपास चालू आहे का? चार्जशीट कोर्टात गेलं का?

मर्ग चालू असेल तर कागद ठाण्यात असतात आणि अहवाल उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे जातो. गुन्ह्याचा तपास चालू असेल तर अर्ज ठाण्याच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे करायचा. त्यांचं आणि प्रथम अपिलीय अधिकाऱ्यांचं नाव व पद ठाण्याच्या फलकावर असतं. मोबाइलमध्ये त्या फलकाचा फोटो काढून घ्या.

चार्जशीट कोर्टात गेलं असेल तर रस्ता बदलतो. कोर्टातल्या कागदांची प्रमाणित नक्कल कोर्टाच्या स्वतःच्या नियमांनीच मागायची, माहिती अधिकाराने नव्हे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात सांगितलं आहे. तालुका कोर्टात नक्कल अर्ज वकिलामार्फत करा. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २३० प्रमाणे वकील दिलेल्या पीडितालाही चार्जशीट आणि सोबतचे कागद विनामूल्य मिळायला हवेत. 'पीडित' या शब्दात मृताचे कायदेशीर वारसही येतात. मृताच्या पत्नीला हे कुणी सांगतच नाही. ती वर्षानुवर्षं "आपला काय संबंध कोर्टाशी" असं म्हणत घरी बसलेली असते.

वकिलाचे पैसे नसतील तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावरही विचारता येतं.

*चूक:* "चार्जशीट सार्वजनिक कागद आहे, वेबसाइटवर टाका" असा आग्रह धरणं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये ही मागणी फेटाळली आहे.

टप्पा ३: काय मागायचं नाही, काय छापायचं नाही

काही ठिकाणी तोल साधायचा प्रश्नच येत नाही, कारण कायद्याने दार बंद केलेलं आहे.

लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पीडितेची ओळख उघड करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत आणि दंड. पीडिता मरण पावली म्हणून हे संरक्षण संपत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये निपुण सक्सेना प्रकरणात स्पष्ट केलं. पीडित अठरा वर्षांखालचं मूल असेल तर पोक्सोचं, म्हणजे बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याचं, कलम २३ लागतं. त्यात नाव आणि फोटो तर येतातच, पण पत्ता, शाळा, शेजार, घरच्यांची माहितीही येते. गुन्ह्यात आरोपी, साक्षीदार किंवा पीडित म्हणून सापडलेल्या कुठल्याही मुलाची ओळख बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने झाकलेली आहे.

वार्ताहर मित्रांनो, खेड्यात चेहरा धूसर करून ओळख लपत नाही. दोनशे उंबऱ्यांच्या गावात अंगणातलं कडुलिंब, दाराचा निळा रंग, साडीचा काठ, दारातली बैलजोडी यांवरून लोक घर सांगतात. 'तालुक्यातील एका गावात' लिहायचं आणि खाली त्या घराचा फोटो लावायचा, याला ओळख लपवणं म्हणत नाहीत.

अशा प्रकरणांत घटनास्थळाचे फोटो माहिती अधिकाराने मागू नका. पालक असाल तर वकिलामार्फत कोर्टात जा.

टप्पा ४: नात्याचा आणि संमतीचा कागद तयार ठेवा

माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(२) प्रमाणे माहिती का हवी हे सांगण्याची सक्ती नाही. तरीही या एका विषयात नातं स्वतःहून लिहा. फोटो ही मृताच्या घरच्यांची अगदी आतली गोष्ट आहे, आणि मागणारा घरचाच आहे हे दिसलं की 'वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारणं अवघड जातं. मृत्यूच्या दाखल्याची प्रत आणि नातं दिसणारा एक कागद, रेशन कार्ड किंवा वारस दाखला, जोडा.

तुम्ही घरचे नसाल तर पत्नी, आईवडील किंवा सज्ञान मुलांची लेखी संमती घ्या. संमतीत "फोटो द्यायला हरकत नाही" एवढंच लिहू नका. कोणते फोटो, कशासाठी, छापणार की फक्त प्रकरणाला जोडणार, हे सगळं लिहा. ते घरात वाचून दाखवा आणि सही दुसऱ्या दिवशी घ्या. तेराव्याच्या आत तर कुणाची सही घेऊच नका. त्या दिवसांत माणूस कशावरही सही करतो.

संमती नसेल तर जन माहिती अधिकारी कलम ११ खाली घरच्यांना नोटीस पाठवू शकतो, आणि त्यांना म्हणणं मांडायला दहा दिवस मिळतात. घरच्यांना तुमच्या अर्जाची बातमी सरकारी पाकिटातून कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून कळलेली बरी.

टप्पा ५: अर्ज लिहा, १५० शब्दांत

महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. नमुना 'जोडपत्र अ'. त्यावर दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प. दारिद्र्यरेषेखालील कार्डाची प्रत जोडली तर फी नाही. मजकूर असा:

> विषय: मर्ग/गुन्हा क्र. ___ मधील घटनास्थळाची माहिती.
> १) घटनास्थळ पंचनामा व कच्च्या नकाशाची प्रत. पंच व साक्षीदारांचे मोबाइल क्रमांक व पत्ते झाकून द्यावेत.
> २) काढलेल्या छायाचित्रांची नोंद किंवा यादी उपलब्ध असल्यास तिची प्रत.
> ३) तार, खांब, धुरा व विजेची जोडणी दिसणाऱ्या छायाचित्रांची प्रथम पाहणी व नंतर निवडलेल्यांच्या प्रती. त्यांत मृतदेहाचा चेहरा किंवा उघडे शरीर दिसत असल्यास तो भाग कलम १० नुसार झाकून द्यावा.
> ४) मृतदेहाची जवळून घेतलेली छायाचित्रे मागितलेली नाहीत.
> मी मृताची पत्नी असून नात्याचा पुरावा जोडला आहे. प्रती मी स्वतः येऊन घेईन.

चौथी ओळ पाहून लोक मला विचारतात, "न मागितलेलं कशाला लिहायचं?" पूर्ण अर्जात तीच ओळ सगळ्यात जास्त काम करते. ठाणेदारापुढे फाइल उघडी असते आणि त्याला भीती असते की हे फोटो उद्या मोबाइलवर फिरतील, मग वरून विचारणा होईल. नको ते आपणच बाजूला काढून दिलं की हवं ते देणं त्याला सोपं जातं. कलम १० चा अर्थही तोच: झाकण्यासारखं झाकून उरलेलं द्यायचं, सगळी फाइल बंद करायची नाही.

"तपास नीट का केला नाही?" असे प्रश्न अर्जात नकोत. माहिती अधिकारात रेकॉर्डवर असलेलं मिळतं. खुलासा मिळत नाही, नवीन यादीही कुणी तयार करून देत नाही.

शेवटची ओळ, "प्रती मी स्वतः येऊन घेईन", ही माझ्या हातून झालेल्या चुकीतून आली आहे. एका बाईंच्या अर्जावर मी सवयीने घरचा पत्ता टाकला. पाकीट पोस्टाने आलं तेव्हा त्या कापूस वेचायला गेल्या होत्या. सातवीतल्या मुलाने सही करून घेतलं आणि उघडलं. संध्याकाळी त्या माझ्याकडे आल्या, पाकीट पदराखाली धरलेलं. एवढंच म्हणाल्या, "भाऊ, पोरानं पाह्यलं." त्या दिवसापासून पत्ता घरचा टाकायचा असेल तर आधी विचारतो: पाकीट कोण घेईल? घरात मुलं असतील तर हातोहात घ्या, किंवा मोठ्या दिराचा, भावाचा पत्ता द्या.

*तपासा:* अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर ठाण्याचा शिक्का, तारीख आणि सही घेतली का? अर्ज पोस्टाने पाठवला असेल तर स्पीड पोस्टची पावती त्या प्रतीलाच टाचून ठेवा.

टप्पा ६: पाहणीला कोणी जायचं

पाहणीला पत्नी, आई किंवा मुलगा यांनी आधी जाऊ नये. पुतण्या, मेहुणा, वकील असा जरा लांबचा पण भरवशाचा माणूस अधिकारपत्र घेऊन पाठवा. त्याने फोटो बघायचे, वहीत अनुक्रमांक आणि एक ओळ लिहायची: "क्र. ४: खांब व तारेची गाठ, मृतदेह नाही." मोबाइल बाहेर ठेवा. पटकन फोटोचा फोटो काढण्याचा मोह होतो, तो आवरा. तशी प्रत पुराव्यात टिकत नाही आणि पसरली तर बोट तुमच्याकडेच येतं.

सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञांनी घटनास्थळी येऊन चित्रीकरण करण्याची तरतूद आता आहे. त्यामुळे फोटोंबरोबर व्हिडिओ आहे का, हेही विचारा. मात्र झडती-जप्तीचं चित्रीकरण दंडाधिकाऱ्यांकडे पाठवायचं असतं. ते तिथूनच मागा.

टप्पा ७: उत्तर आल्यावर ते वाचा, रागावू नका

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. मध्ये प्रतींचे पैसे भरण्याचं पत्र आलं तर त्याच आठवड्यात भरा. पत्र निघाल्यापासून पैसे भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांत धरत नाहीत. साध्या पानाला दोन रुपये लागतात.

नकाराची तीन ठरलेली वाक्यं आहेत.

"प्रकरण तपासावर आहे." तपासाला अडथळा आणणारी माहिती रोखणारं कलम ८(१)(ज) आहे, पण माहिती दिल्याने तपासाला अडथळा कसा येईल हे सांगावं लागतं. नुसता तपास चालू असणं पुरेसं नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने २००७ मध्ये भगतसिंग प्रकरणात म्हटलं आहे. हे वाक्य अपिलात लिहा. आरोपी फरार असेल, ओळख परेड व्हायची असेल तर मात्र अडथळा खरा असतो. तेव्हा हट्ट न धरता दोन महिन्यांनी पुन्हा मागा.

"प्रकरण न्यायप्रविष्ट आहे." एवढंच कारण कायद्यात नाही. कोर्टाने ती माहिती उघड करायला स्पष्ट मनाई केली असेल तरच नकार टिकतो.

"वैयक्तिक माहिती आहे." हे सगळ्यात बळकट वाक्य, आणि आता जास्तच बळकट. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं वैयक्तिक माहितीचं कलम नोव्हेंबर २०२५ पासून आखूड केलं आणि त्या कलमातली जनहिताची ओळ गेली. पण कलम ८(२) जागेवर आहे: नुकसानापेक्षा जनहित मोठं असेल तर माहिती देता येते. म्हणून जनहित नुसतं म्हणू नका, दाखवा. "याच शिवारात तारेची जोडणी अजून तशीच आहे" हे जनहित झालं. "लोकांना कळायला हवं" हे झालं नाही.

टप्पा ८: अपील

नकारापासून किंवा मुदत संपल्यापासून तीस दिवसांत प्रथम अपील, वीस रुपयांचा स्टॅम्प, 'जोडपत्र ब'. सुनावणीला वहीतले अनुक्रमांक घेऊन जा आणि सांगा: "मला फक्त क्र. ४, ७ आणि ९ हवेत, झाकून." तीन फोटोंवर बोलणं होतं, 'सगळ्या फोटोंवर' वाद होतो. तिथेही नाही झालं तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे द्वितीय अपील. यवतमाळ, अकोला, वाशिम, बुलडाणा, अमरावतीकरांनी अमरावती खंडपीठाकडे. वर्धा, नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकरांनी नागपूरकडे. तिथे वेळ लागतो, म्हणून कोर्टाचा रस्ता उघडा असेल तर तो सोबतच धरा.

टप्पा ९: हातात आलेला फोटो झाकणं

ठाण्याने झाकून दिला तरी स्वतः पुन्हा बघा. चेहरा झाकलेला असतो आणि कोपऱ्यात मोटारसायकलचा नंबर, खाटेवरचं आधार कार्ड, मागे उभी असलेली शेजारची पोर तशीच राहिलेली असते.

कागदावर मार्करने काळं केलं तर तो कागद खिडकीच्या उजेडात धरून पाहा, खालचं दिसतं. काळं करा, त्याची झेरॉक्स काढा आणि फक्त झेरॉक्स बाहेर द्या. मोबाइलवर हायलायटरच्या ब्रशने काळं करू नका. ब्राइटनेस वाढवला की चेहरा वर येतो. भरीव काळा चौकोन टाका. पीडीएफवर टाकलेला चौकोन काही अ‍ॅपमध्ये सरकवून बाजूला करता येतो, म्हणून ती प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करा. मूळ फोटोच्या फाइलमध्ये ठिकाण आणि वेळही दडलेली असू शकते आणि व्हॉट्सअ‍ॅपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवली तर तीही सोबत जाते.

*चूक:* मूळ प्रतीवरच काळं करणं. मूळ प्रत पाकिटात बंद, कुलपात. कोर्टात तीच लागेल.

टप्पा १०: फोटो आधीच पसरला असेल तर

आधी ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन करून काढायला सांगा, मग लेखी मेसेज टाका म्हणजे नोंद राहते. कोणी, कधी, कोणत्या ग्रुपवर टाकला, तो नंबर आणि वेळ वहीत लिहा. तक्रार ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर करा. फोटो ठाण्यातूनच बाहेर गेला असं वाटत असेल तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

फोटो लहान मुलाचा किंवा लैंगिक स्वरूपाचा असेल तर पुरावा म्हणूनही सेव्ह करू नका, स्क्रीनशॉट काढू नका, कुणाला पुढे पाठवू नका. ज्या मोबाइलवर आला तो मोबाइलच ठाण्यात नेऊन दाखवा. बाकी प्रकरणांत तक्रारीला फोटो उघडा टाचू नका. वेगळ्या पाकिटात घाला, चिकटवा, वर तक्रारीची तारीख आणि "फक्त तपास अधिकाऱ्यांनी उघडावे" असं लिहा, आणि पाकीट दिल्याची नोंद तक्रारीच्या पोचेवरच करून घ्या.